टाकीच्या तोंडाशी बसणारा

साबणाच्या कारखान्यात चरबीच्या टाक्या असतात. आडव्या, जमिनीवर झोपवलेल्या, मालगाडीच्या डब्याएवढ्या लांब. वर एका टोकाला गोल तोंड असतं, माणूस खांदे आकसून उतरेल एवढंच. आत दोन लोखंडी पडद्या, म्हणजे टाकीचे तीन कप्पे. पडदीच्या खालच्या अंगाला एक भोक असतं, त्यातून पोटावर सरपटत पुढच्या कप्प्यात जायचं. चरबी गोठू नये म्हणून तळावरून वाफेची जाड नळी फिरवलेली असते. टाकी रिकामी झाली की तळाला गाळ उरतो. तो आत बसून खरवडायचा, बादलीत भरायचा आणि बादली ओढत तोंडापर्यंत आणायची. हे काम ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्याने केलं त्याला सांगावं लागत नाही.

एक माणूस आत, एक तोंडाशी. आतल्याच्या कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक तोंडाशी बसणाऱ्याच्या हातात. मधून मधून त्याने दोराला एक हिसका द्यायचा, आतून एक हिसका परत आला की सगळं ठीक. दोन आले की ओढायचं. तोंडाशी बसणाऱ्याने जागेवरून हलायचं नाही आणि काही झालं तरी आत उतरायचं नाही. काम एवढंच. म्हणून बाकीचे या माणसाला कामगारांत धरत नसत.

या टाक्यांच्या तोंडाशी बसणाऱ्याला सगळे समोर मामा म्हणत आणि पाठीमागे खुंटा. जिथे ठोकला तिथे राहतो, म्हणून. मामा तरुणपणी स्वतः आत उतरत. त्या काळी एकदा टाकीतल्या घाण हवेने एक जण आत बेशुद्ध पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, तो वर आला नाही. दुसऱ्याला काढायला तिसरा उतरला. चौथे मामा होते. त्यांचा एक पाय तोंडात गेला होता, तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांची कॉलर धरली आणि सोडलीच नाही. मामांनी त्याला लाथा घातल्या, चावले. त्याने सोडलं नाही. म्हणून मामा राहिले.

पुढे मामांची छाती कामातून गेली. चार पावलं भरभर टाकली की धाप लागायची. मुकादमाने त्यांना तोंडाशी बसवलं. बसून पगार, असं कोणीतरी बोललं. दुसऱ्या दिवशी मामा मोडीत निघालेला लोहाराचा हातभाता, दांडा धरून फिरवायचा असतो तसला, घासूनपुसून खांद्यावरून घेऊन आले. टाकीत हवा सोडायला विजेचा पंखा आणि कापडी नळी होतीच. हा भाता कशाला, असं मुकादमाने विचारलं. मामा म्हणाले, वीज माझ्या नात्यातली नाही. त्या दिवसापासून ते रोज भात्याला तेल देत आणि रोज त्यावरून चेष्टा ऐकत.

मामा ख्रिस्ती, श्रद्धाळू. तरुणपणी त्यांना उपदेशक व्हायचं होतं. त्या वेळच्या पाळकांनी एका रविवारी त्यांना चर्चमध्ये उपदेशाला उभं केलं. मामांचा आवाज रंधा मारलेल्या फळीसारखा, ना चढ ना उतार. पुढची रांग खोकायला लागली, मधली पेंगायला लागली, शेवटच्या रांगेला ऐकूच गेलं नाही. पाळकांनी नंतर पाठीवर हात ठेवून सांगितलं की देवाकडे प्रत्येकाचा उपयोग असतो, तुम्ही आपलं दार सांभाळा. असं सांगतात तेव्हा काय सांगायचं असतं ते सगळ्यांना कळतं. मामांनाही कळलं. घरी आल्यावर ते बायकोला एवढंच म्हणाले, "मला वाटलं होतं मी बोलेन." पुढच्या रविवारी जाऊन दाराशी उभे राहिले, ते उभेच राहिले.

हे सगळं त्यांच्या जावयाने सासूकडून ऐकलं होतं. ऐकताना त्याला हसू आलं होतं, कारण त्याचा स्वतःचा आवाज असा की गाणं सुरू केलं की रस्त्याने जाणारा थांबावा. तोही टाक्यांवरच कामाला. लग्नानंतर जागा मिळेपर्यंत म्हणून सासऱ्याच्या दोन खोल्यांत राहायला आला आणि जागा काही मिळेना. घरजावई हा शब्द समोर कोणी बोलत नसे, पण शब्द न बोलताही टोचतो. आतल्या खोलीतून बाहेर पडायचं तर दाराशी मामांची खाट. चर्चमधून बाहेर पडायचं तर दाराशी मामा. आणि कामावर, ज्या एका भोकातून आत जायचं आणि बाहेर यायचं, त्या भोकाशी पाय सोडून बसलेले मामाच. तो बायकोला म्हणायचा, "तुझ्या बापाने मला तिन्ही ठिकाणी कोंडलंय. मेलो तर पेटीच्या झाकणावर पण बसलेले असतील." ती हसायची, आणि मग हळूच म्हणायची की आवाज कमी कर, ते जागे आहेत.

सुटायचा एक रस्ता होता. नव्या पाळकांना त्याचा आवाज आवडला होता. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी तू उपदेश दे, असं ते म्हणाले. चांगला झाला तर उपदेशकांच्या शिक्षणाला पाठवू. तिकडे राहायला खोली मिळते, बायकोलाही नेता येतं. विषय पाळकांनीच दिला: देवाच्या कामाला कोणता माणूस उपयोगी पडतो. जावयाने मुद्दे बसवले. धाडस हवं. वाणी हवी. अभ्यास हवा. लोकांना ओढून घेईल असं तेज हवं. चारही गोष्टी नेमक्या त्याच्याकडे होत्या, हा योगायोग.

उपदेशाचा सराव तो टाकीत करायचा. तिसऱ्या कप्प्यात आवाज असा घुमतो की शिपायाचासुद्धा राजा होतो. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी टाक्या साफ होत. त्या दिवशी फाटकावरचा पहारेकरी सोडला तर आवारात तिघेच होते: आत जावई, तोंडाशी मामा, आणि लांब पंपाच्या खोलीत मुकादम. जावई धाडसावर आला होता. मामांनी वरून सांगितलं की तोंडाबरोबर खरवडणीही चालू दे.

आता त्या दोराचं सांगायला हवं. दोन पडद्यांच्या भोकांतून गेलेला दोर जागोजागी अडकतो, कमरेला काचतो, खरवडताना पायात येतो. म्हणून आतले लोक एक लबाडी करत. दोर कमरेचा सोडून वाफेची नळी खालून उचलून धरणाऱ्या ठेप्याला बांधायचा आणि मोकळ्या अंगाने काम करायचं. वरून हिसका आला की हात लांब करून एक हिसका परत द्यायचा. वरच्याला वाटतं माणूस बांधलेला आहे. जावयाने त्या दिवशी तेच केलं होतं.

मामांनी हिसका दिला. परत आला. मामांनी थोडं थांबून दुसरा दिला, आणि त्यांचा सपाट आवाज पडद्यांतून आत आला. "दोर लोखंडाला बांधलायस. माणूस असा ताठ लागत नाही. कमरेला बांध."

जावई चरफडला. घरी बोलणी, चर्चमध्ये बोलणी, आता इथे भोकातून बोलणी. तो गुडघ्यावर बसून गाठ सोडायला लागला, तर गाठ ताणून घट्ट झालेली. बोटं चरबीने बुळबुळीत. एक पाय नळीखाली घालून त्याने दुसऱ्या पायाने ठेप्याला लाथ मारली, गाठ ढिली व्हावी म्हणून. एक मारली. मग रागाने आणखी मारली. वर्षानुवर्षं वाफ खाऊन आतून सडलेला ठेपा कडकन तुटला आणि जाड नळी त्याच्या नडगीवर येऊन बसली.

आधी त्याला फक्त आश्चर्य वाटलं. मग पाय ओढून पाहिला आणि ओरडला. ती किंकाळी टाकीभर फिरून त्याच्याच कानात परत आली.

वरून मामांनी एकेक गोष्ट विचारली, जसं कोणी दुकानात सामान विचारतं. काय पडलं? कुठे? बोटं हलतात का? रक्त किती? बॅटरीचा दिवा चालू आहे का? ओढू का? जावई म्हणाला ओढू नका, पाय तुटेल, आणि ओढणार तरी कशाने, दोर अजून लोखंडालाच आहे. हे बोलताना त्याला शरम वाटली, पण शरमेला त्या वेळी फार जागा नव्हती. मामा म्हणाले, आधी दोर कमरेला घे. त्याने खरवडणीच्या धारेने गाठ कापली आणि उरलेला दोर कमरेला बांधला. मग मामांनी मुकादमाला बोलवायला मोठ्या पान्याने टाकी बडवायला सुरुवात केली. बाहेर तो ठणठणाट असेल. आत ते डोक्यात घण घातल्यासारखं होतं. त्याने दोन्ही कान दाबून धरले.

ठणठणाट थांबला तेव्हा आणखी काहीतरी थांबलं होतं. काय ते कळायला त्याला वेळ लागला. पंख्याची घरघर नव्हती. वीज गेली होती. कापडी नळीचं तोंड दुसऱ्या कप्प्यात, पडदीच्या भोकाशी होतं. ती फुगलेली असायची, आता हळूहळू चपटी होत गेली, जशी जनावराची कातडी. आणि चरबीच्या गाळाचा वास, ज्याची इतक्या वर्षांत सवय झाली होती, तो पुन्हा वास झाला.

तिसऱ्या कप्प्यातून तोंड दिसत नाही. पडदीच्या भोकात फक्त थोडा करडा उजेड दिसतो. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हात वर करायला जागा असते, उभं राहायला नसते. पाठीमागे थंड पत्रा, पुढे थंड पडदी. त्याला वाटलं ह्या जागेने आपल्याला आधीपासून ओळखलं होतं. दोन खोल्या, आतली खोली, हा कप्पा. सगळं एकातून एक लहान होत आलेलं. त्याने पाय परत ओढला, परत ओरडला. श्वास भराभर घेऊ लागला आणि जेवढा भराभर घेतला तेवढा अपुरा पडू लागला.

"तोंड भोकाकडे कर," मामा म्हणाले. "आडवा हो. ओरडू नकोस, हवा खर्च होते."

मग नळी पुन्हा फडफडली आणि थोडी फुगली. लोहाराच्या भात्याला तिचं टोक लागलं होतं.

तेवढ्यात मुकादमाचा आवाज आला. मुकादम दांडगा माणूस, रागीट आणि मनाने लोण्यासारखा. त्याचे बूट टाकीच्या पाठीवरून धाडधाड आले. जावयाने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. मुकादम म्हणत होता, बाजूला हो म्हाताऱ्या, मी उतरतो, पोरगा मरेल आत. आणि मग मामांचा आवाज, एरवीसारखाच, जसे ते चर्चमध्ये सांगत की पुढच्या खुर्च्या आधी भरा.

"कोणी आत जाणार नाही."

जावयाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मुकादम ओरडला. टाकीच्या तोंडाशी झटापट झाल्याचा आवाज आला, कापड फाटल्याचा. भाता एक क्षण थांबला आणि नळी चपटली. परत फुगली. मुकादम म्हणाला की तुझ्या लेकीचं कुंकू आहे आत. मामांना धाप लागली होती, शब्द तुटत येत होते.

"तू जाशील तर दोघांना ओढावं लागेल. माझ्यात एकाचाच दम आहे. जा. हवेचा मुखवटा आण, जॅक आण, माणूस आण. पळ."

बूट पळत लांब गेले. उजेड होता तेवढाच राहिला.

त्यानंतर आत जावयाने सासऱ्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. घरी जे मनात दाबलं होतं ते सगळं त्या लोखंडात बाहेर आलं. खुंटा म्हणाला. मी मेलो की तुझी खाट आतल्या खोलीत नेता येईल, म्हणून थांबवलंस का, असंही म्हणाला. आवाज चांगला होता, सगळं वर पोहोचलं. नळी मात्र फुगत राहिली. शिव्या संपल्या तेव्हा तो रडायला लागला, आणि मग मामा बोलले.

"आता मला बोलता येणार नाही. भाता किंवा तोंड, एकच चालेल. टाच ऐक."

टाकीच्या पत्र्यावर टाचेचा एक ठोका पडला. मग दुसरा. भात्याच्या दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक. घड्याळासारखा नाही, दमलेल्या माणसासारखा, पण ठोका. जावई आडवा पडून गाल गाळात टेकवून भोकाकडे तोंड करून ऐकत राहिला. त्याने प्रार्थना करून पाहिली, तर चर्चमध्ये सुचत असे त्यातलं काहीच सुचेना. धाडस, वाणी, अभ्यास, तेज. यातलं त्या नळीतून काहीच येत नव्हतं. येत होती ती चरबीचा वास लागलेली, कोमट, अपुरी हवा. तिच्यामागे कामातून गेलेली एक छाती होती, हे त्याला माहीत होतं. मधेच ठोका चुकला. खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. ठोका परत सुरू झाला. पुढे बराच वेळ तो एवढंच करत होता: एक ठोका ऐकायचा आणि दुसऱ्याची वाट पाहायची. दोन ठोक्यांच्या मधली जागा ही जगातली सगळ्यांत अडचणीची जागा आहे, असं तो नंतर म्हणे.

मुकादम परत आला तो मुखवटा घालून आणि जॅक घेऊन, बरोबर फाटकावरचा पहारेकरी. मामांनी भात्याचा दांडा पहारेकऱ्याच्या हातात दिला, मुकादमाच्या कमरेला स्वतः दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि मगच बाजूला सरकले. नळीखाली जॅक लागला. पाय सुटला. जावयाला तोंडातून वर काढलं तेव्हा मामा टाकीच्या पाठीवर एका कुशीवर पडले होते. त्यांचा हात दांडा धरल्यासारखाच मिटलेला होता, बोटं उघडत नव्हती. सदरा खांद्यापासून फाटला होता. त्यांनी जावयाकडे नाही, त्याच्या कमरेकडे पाहिलं. दोर होता.

जावयाची नडगी दोन ठिकाणी मोडली, पायाला प्लास्टर लागलं. मामांची छाती मात्र त्या दिवसानंतर सावरली नाही. ते दाराशी खाटेवर पडून असत. जावई आतल्या खोलीत, मामा बाहेरच्या, दोघे दोन भिंतींकडे बघत. आता तर खरंच दोघांना बाहेर जाता येत नव्हतं. बायको म्हणाली, तुम्ही दोघे मिळून मला कोंडलंत.

एका दुपारी जावई कुबडी घेऊन खाटेशी येऊन बसला. माफीचं काय बोलायचं ते त्याने ठरवून आणलं होतं, ते राहूनच गेलं. त्याने विचारलं की तेव्हा तुमची कॉलर कोणी धरली होती.

"तोंडाशी बसणारा होता," मामा म्हणाले.

"नाव काय त्याचं?"

मामांनी आठवून पाहिलं. नाव आठवेना. हात मोठे होते, म्हणाले.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार आला. पाळकांनी निरोप पाठवला होता की जमत असेल तरच ये. जावई कुबडीवर गेला. चर्च भरलं होतं. टाकीची गोष्ट सगळीकडे झाली होती आणि लोक ती ऐकायलाच आले होते. त्याने सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच लागला. पहिली रांग पुढे झुकली. आणि धाडकन दार आपटलं.

सगळ्यांनी मागे पाहिलं. वाऱ्याने दार उघडून परत आपटलं होतं. तो पुन्हा बोलायला लागला. पुन्हा दार. शेवटच्या रांगेतल्या कोणीतरी उठून ते लोटलं आणि जागेवर येऊन बसला. दार पुन्हा आपटलं. एक मूल रडायला लागलं. इतकी वर्षं या चर्चचं दार असं आपटतं हे कोणाला माहीतच नव्हतं. पाळक एकाकडे, दुसऱ्याकडे खुणा करत होते, आणि जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

जावई खाली उतरला. कुबडी टेकत, सगळ्या रांगा ओलांडत, मागे गेला. दाराला पाठ लावून उभा राहिला. दाराने पाठीत एक धक्का दिला, तो त्याने मोडक्या पायावर झेलला. तिथून पाहिलं तर सगळ्यांची डोकी वळलेली होती आणि समोरची वेदी फार लांब होती. मामांना तिथून पूर्ण उपदेश कधी ऐकूच आला नसेल, हे त्याच्या लक्षात आलं.

"मी दोर लोखंडाला बांधला होता," तो म्हणाला. मग तिथूनच, दार पाठीने धरून, जे झालं ते सरळ सांगितलं. मुद्दे चार होते, त्यातला एकही आला नाही. शेवटी म्हणाला की देवाला कसा माणूस लागतो ते मला सांगता येणार नाही, पण मला कसा लागला ते सांगितलं. आवाज शेवटी शेवटी सपाट झाला होता. कोणी खोकलं नाही.

शिक्षणाला पाठवायचं की नाही ते पाळकांनी त्या दिवशी काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

घरी आला तेव्हा मामा जागे होते. बायकोने आधीच येऊन सगळं सांगितलं होतं. मामांनी विचारलं, सबंध वेळ दार पाठीने धरलंस का. तो हो म्हणाला.

"खाली पाचर असते," मामा म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात, विटेमागे."

जावई खाटेच्या कडेवर बसला. त्याची पाठ दुखत होती. म्हणजे पाचर लावली असती तर उभं राहायची गरजच नव्हती, असं तो हसून म्हणाला.

मामांना खोकला आला. तो थांबेपर्यंत जावयाने त्यांचा खांदा धरून ठेवला.

"गरज होती," मामा म्हणाले. "पाचर निसटते."